पार्श्वभूमी : तारामती, सीता आणि मग कॅमेऱ्यामागे

१९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मधली तारामती अण्णा साळुंके यांनी केली, हे आता शाळेतली पोरंही सांगतात. ग्रँट रोडच्या उपाहारगृहातली १० रुपयांची नोकरी सोडून ते १५ रुपयांवर फाळक्यांकडे आले, हा किस्साही सर्वांना पाठ. पण त्यांच्या कारकिर्दीचा भरीव भाग नाशिकचा आहे आणि तोच सांगायचा राहून जातो.

त्याच वर्षी फाळक्यांनी आपलं बिऱ्हाड आणि चित्रपटांचा सगळा पसारा नाशिकला हलवला. इथे तयार झालेल्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये स्त्रीभूमिका स्त्रियांनीच केल्या. दोघी मायलेकी, दोघी नाटकातल्या. म्हणजे बाई न मिळण्याची कोंडी फुटली होती. तरी १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये सीता पुन्हा पुरुषाकडे गेली. सीताही साळुंके यांचीच आणि रामही त्यांचाच!

असं का झालं, यावर अभ्यासकांत आजही मतभेद आहेत. 'बाई मिळाली नसणार' हे नेहमीचं उत्तर. ते खोटं नाही. सिनेमात काम करणं तेव्हा इतकं हलकं समजलं जाई की घरंदाज बाई सोडाच, कलावंतिणीही नाही म्हणत. पण एवढ्यावर प्रश्न मिटत नाही. स्त्रीपार्टी नट ही मराठी रंगभूमीची रोजची गोष्ट होती. प्रेक्षकाला तो खटकत नव्हता. शिवाय नाटकात गळा लागतो, मूकपटात लागतो तो चेहरा. साळुंके यांच्या चेहऱ्याला तोवर कॅमेऱ्याची सवय झालेली होती. त्यामुळे ही निवड नाइलाजाची जितकी, तितकीच पसंतीची होती, असं माझं ठाम मत आहे. 'लंकादहन'चा थोडाच भाग आज शिल्लक आहे. त्यातल्या सीतेचे दंड पुरुषाचे आहेत, हे काही लपत नाही. तरीही पडद्यावर राम आला की लोक चपला काढून ठेवत, अशी आठवण सांगितली जाते. त्या रामाला आणि सीतेला एकच माणूस पेलत होता, याचं मोल आपण नीट केलेलंच नाही.

१९१८ मध्ये भांडवलदारांच्या भागीदारीत फाळक्यांची नाशिकची चित्रपट कंपनी उभी राहिली. पुढच्या दशकात साळुंके हळूहळू पडद्यावरून कॅमेऱ्यामागे गेले. तीसहून अधिक मूकपटांच्या छायाचित्रणाशी त्यांचं नाव जोडलेलं आहे. नट म्हणून केलेली कामं मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

१९३१ च्या मार्चमध्ये मुंबईत पहिला भारतीय बोलपट लागला आणि साळुंके यांच्या कामाची नोंदही त्याच वर्षी थांबते. नाशिकला आवाज उशिरा आला. फाळक्यांचा 'सेतुबंधन' मूकपट म्हणूनच चित्रित झाला, त्यावर मागाहून आवाज चढवावा लागला आणि १९३४ मध्ये तो पुन्हा पडद्यावर आला. फाळक्यांनी थेट बोलपट म्हणून केलेला चित्रपट एकच, १९३७ चा 'गंगावतरण'. तो नाशिकला नव्हे, कोल्हापुरात झाला.