वर किती मजले चढवायचे? जुनं घर पाडायच्या आधी हे वाचून घ्या

सध्या पारावर, टपरीवर, ग्रामसभेत एकच वाद चालू आहे, जुनी कवेलूची घरं पाडून गावात तीन-तीन मजले उभे करायचे का. एक बाजू म्हणते गावाचं नागपूर करू नका, हवा बंद होते, उन्हाळ्यात गच्चीवर झोपलं तर शेजारच्या खिडकीतून सगळं दिसते. दुसरी म्हणते, चार भावांत घर वाटलं की एकेकाच्या वाट्याला दीड खोली येते, वर नाही चढायचं त जायचं कुठं? आमच्या नकाशाच्या ऑफिसात दोन्ही बाजूचे लोक येतात, कधी कधी एकाच घरातले येतात, म्हणून हे पत्रक काढलं.

पहिलं म्हणजे उंची आणि दाटी ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, भांडणात त्या एकच होऊन जातात. किती बांधायचं ते एफएसआय ठरवते, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधकाम चालेल ते. डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि थोडे भाग सोडले तर राज्यभर एकच नियमावली आहे, तिला युडीसीपीआर म्हणतात. गावठाणाबाहेरच्या लेआऊटमध्ये मूळ एफएसआय १.१ आहे. समजा तुमचा प्लॉट २००० चौरस फुटांचा, तर २२०० फूट बांधकाम. ते ११००-११०० च्या दोन मजल्यांत बसवा नाहीतर साधारण ७३० च्या तीन मजल्यांत, माणसं तेवढीच राहतात पण दुसऱ्या पद्धतीत मागची सांदवाडी वाचते, लिंबाचं झाडही वाचते. पैसे भरून जास्तीचं बांधकाम मिळते ते वेगळं. गावठाणात आकडा निराळा, तिथं समोरचा रस्ता किती रुंद आहे ते आधी पाहावं लागते.

ग्रामपंचायत हद्दीत १६०० चौरस फुटांपर्यंतचा प्लॉट असेल तर मालकीचे कागद, नकाशा, फी आणि लायसन्सवाल्या इंजिनिअरचं प्रमाणपत्र पंचायतीत दिलं की काम सुरू करता येते. ३२०० पर्यंत पंचायतीनं दहा दिवसांत परवानगी द्यायची. पण मर्यादा तळमजला अधिक दोन, किंवा खाली पार्किंग सोडलं तर वर तीन. आणि नमुना ८ म्हणजे मालकीचा कागद नाही भाऊ, ती घरपट्टीची नोंद आहे. गावठाणाची ड्रोन मोजणी झाली असेल तर सनद, म्हणजे मालकीचा सरकारी कागद, काढून घ्या.

आता खरी गोष्ट, जमीन. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते आणि मे महिन्यात अशी फाटते की भेगेत हात जातो. मुंबई-पुण्याच्या व्हिडिओ पाहून लोक विचारतात आमचं तीन फुटांच्या पायावर का नाही भागत, तर म्हणूनच नाही भागत. खड्डा करून पक्का मुरूम किती खाली लागतो ते पाहिल्याशिवाय आम्ही मजल्यांचा आकडा तोंडातून काढत नाही.

त्यात दर आठवड्याला एक जण तरी म्हणतो, "बाबानं तेव्हाच वर सळ्या सोडून ठेवल्या, त आता मजला काऊन नाई चढत?" सळ्या सोडणं सोपं असते हो, खाली फुटिंग, म्हणजे कॉलमखालचं काँक्रीटचं बूड, किती मोठं टाकलं ते कोणालाच आठवत नाही, गवंडी वारला, नकाशा कधी नव्हताच, आणि त्या सळ्या पंधरा पावसाळे उघड्यावर भिजून गंजून बारीक झालेल्या. अशा वेळी एक कोपरा उकरून फुटिंग मोजतो, मगच हो किंवा नाही. नाही म्हटल्यावर दोन गिऱ्हाईक दुसरीकडे गेले, चालते. नवीन घर बांधत असाल आणि वरचा मजला नंतर करायचा असेल तर सळ्यांना सिमेंटचा थर देऊन झाकून ठेवा, आणि फुटिंगचे फोटो टेप लावून काढा, मोबाईलमध्ये नको, प्रिंट करून कागदांसोबत ठेवा.

संडासाचंही तसंच. पाच माणसांची टाकी पंधरा माणसांना पुरत नाही, आणि काळ्या मातीत शोषखड्डा पाणी लवकर ओढत नाही, मग ते नालीत येते आणि तिथून पुन्हा भांडण. गावातले निम्मे "उंचीचे" वाद आम्हाला तर नालीचेच वाटतात. विहिरीपासून खड्डा १५ मीटर तरी लांब हवा, ही गोष्ट शेजारच्याच्या विहिरीलाही लागू होते.

आमचं मत विचाराल तर बारा फुटांच्या गल्लीत तीन मजले आम्ही सुचवत नाही, आग लागली तर बंब आत वळत नाही. पण रुंद रस्त्यावर वर चढायला काहीच हरकत नाही, उलट गावाबाहेर कपाशीचं वावर मोडून लेआऊट पाडायचे आणि तिथं दहा वर्षं नुसती गाजरगवत उगवायची, त्यापेक्षा हे बरं.

येताना सनद किंवा सातबारा, नमुना ८, आणि समोरच्या गल्लीची रुंदी टेपनं मोजून आणा, पावलानं नाही. वाटणी व्हायची असेल तर सगळे भाऊ एकदमच या, एकेक जण वेगळा आला की नकाशा तीनदा काढावा लागते आणि फी तीनदाची लागते.