अपघाताची नोंद लगेच, आजाराची मात्र उशिरा

कारखान्यात अपघात झाला की सरकारला कळवायचं, ही सक्ती आपल्याकडे १८८१ची. लॉर्ड रिपनच्या काळातला तो पहिला कारखाना कायदा शंभर किंवा जास्त माणसं असलेल्या, यंत्रशक्तीवर चालणाऱ्या कारखान्यांपुरता होता. मुंबईत गिरण्या सुरू होऊन तोवर पंचवीस वर्षं झाली होती. यंत्रांना कुंपण घाला आणि अपघात कळवा, असं कायदा सांगत होता. कळवल्यावर जखमी माणसाचं काय, याबद्दल चकार शब्द नव्हता.

तो प्रश्न नारायण मेघाजी लोखंडे यांनी पुढे आणला. सप्टेंबर १८८४ मध्ये परळला सभा झाली आणि सुमारे साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचं निवेदन निघालं. त्यातली रविवारच्या सुट्टीची मागणी सगळ्यांना ठाऊक आहे; १८९० मध्ये ती पदरात पडली. त्याच निवेदनात असंही म्हटलं होतं की कामावर जबर इजा झाली तर बरं होईपर्यंत पूर्ण पगार द्यावा आणि कायमचं अपंगत्व आलं तर योग्य सोय करावी. या मागणीला चाळीस वर्षं थांबावं लागलं. कामगार नुकसानभरपाई कायदा १९२३चा, लागू झाला १ जुलै १९२४ला.

नोंदीचं महत्त्व त्यानंतर पार बदललं. तोवर ती सरकारदरबारची माहिती होती, आता दाव्यातला पुरावा झाली. पैसे मालकाच्या तिजोरीतून जाणार आणि वही मालकाचाच कारकून लिहिणार. लेखणी अडखळली नसती तरच नवल. १९४८च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने ही गाठ थोडी सैल केली. भरपाई महामंडळाकडे गेली, आणि अपघात वहीत स्वतः कामगाराने किंवा त्याच्या वतीने कोणीही केलेली नोंद पुरेशी सूचना मानली जाऊ लागली.

त्याच वर्षीच्या कारखाना कायद्याने मात्र एक फट ठेवली. मृत्यू झाला किंवा इजेमुळे ४८ तास काम करता आलं नाही, तर अपघात कळवायचा. मग बोटांना टाके पडलेला माणूस दुसऱ्या दिवशी कंपनीच्या गाडीतून आणला जातो, टाइम ऑफिसात खुर्चीवर बसवला जातो, मस्टरवर हजेरी लागते. कागदोपत्री तो 'हलक्या कामावर' असतो. फाटकावरच्या 'अपघातविरहित दिवस' या फलकावरचा आकडा कित्येकदा अशा खुर्च्यांवर उभा असतो.

जखम निदान दिसते तरी. आजाराचं तसं नाही. कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिसमध्ये छाती आवळते ती सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला, म्हणजे बहुधा सोमवारी. पुढे पुढे धाप रोजचीच होते, आणि डॉक्टर दमा म्हणून औषध लिहून देतो. हा आजार १९४८च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत, म्हणजे कळवायलाच हव्यात अशा आजारांच्या यादीत होता. तो कळवण्याची जबाबदारी व्यवस्थापनावर तर होतीच, उपचार करणाऱ्या डॉक्टरवरही होती, आणि आजही आहे. पण रुग्ण कुठल्या खात्यात काम करतो, हे विचारण्याची सवय किती दवाखान्यांना आहे?

भोपाळने कायद्याला हलवलं. तिथल्या कारखान्यात १९८१च्या डिसेंबरात फॉस्जीन या विषारी वायूने एका कामगाराचा जीव घेतला होता. म्हणजे इशारा मिळाला होता, त्यातून शिकणारं कोणी नव्हतं. १९८४च्या वायुकांडानंतर १९८७ला दुरुस्ती झाली. घातक रसायनांशी संबंध येणाऱ्या कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी अद्ययावत ठेवणं आणि त्या कामगाराला पाहता येणं बंधनकारक झालं. माझ्या मते १८८१नंतरचा सगळ्यात मोठा बदल हाच, कारण वहीवर पहिल्यांदा कामगाराचाही हक्क आला.

जानेवारी १९९५ मध्ये ॲस्बेस्टॉसच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय आणखी पुढे गेलं. या उद्योगातल्या प्रत्येक कामगाराची आरोग्य नोंद नोकरी लागल्यापासून किमान ४० वर्षं किंवा नोकरी संपल्यावर १५ वर्षं, यांपैकी जे नंतर येईल तोवर जपायची. कारण साधं आहे: ॲस्बेस्टॉसचे तंतू फुप्फुसात शिरल्यावर आजार वर येईपर्यंत दशकं जातात.

कारखाना कायद्याच्या जागी २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही अपघात, धोकादायक घटना आणि आजार हे तिन्ही कळवण्याचं बंधन कायम आहे. आता अडचण दुसरीच आहे. आज बरीच कामं ठेकेदाराच्या माणसांकडून होतात, ठेका दर दोन-तीन वर्षांनी बदलतो, आणि तपासणीचे कागद जुन्या ठेकेदाराबरोबर निघून गेले तर ते कुठे आहेत हे कंपनीलाही सांगता येत नाही.