पॉलाबाईंच्या आधीच्या सुगरणी

नोव्हेंबर 2002 मध्ये अमेरिकेतल्या फूड नेटवर्क वाहिनीवर ‘पॉलाज होम कुकिंग’ सुरू झालं. 55 वर्षांच्या, रुपेरी केसांच्या पॉला डीन ‘हे यॉल!’ म्हणत समोर यायच्या, लोण्याची अख्खी कांडी भांड्यात टाकायच्या, बोट बुडवून चव बघायच्या आणि स्वतःच्याच विनोदावर खळखळून हसायच्या. जॉर्जिया राज्यातला तो हेलकावे घेणारा उच्चार, वाढताना हात आखडता न घेणं, मध्येच मुलांच्या लहानपणीची एखादी आठवण. बघणाऱ्याला वाटावं की सुट्टीत मावशीकडे आलोय. गंमत म्हणजे दक्षिणेतलं हे ‘घरचं’ स्वयंपाकघर सुरुवातीची काही वर्षं दक्षिणेत नव्हतंच. चित्रीकरण व्हायचं न्यूयॉर्क राज्यातल्या मिलब्रूकला, निर्माते गॉर्डन इलियट यांच्या घरी. सव्हाना शहराजवळच्या पॉलाबाईंच्या स्वतःच्या घरी ते नंतर गेलं.

म्हणून त्यांचं साधेपण खोटं होतं असं मात्र नाही. त्यांचा जन्म 1947 चा, जॉर्जियातल्या ऑल्बनीचा. तेविशीपर्यंत आईवडील दोघेही गेले. पुढे घराबाहेर पाऊल टाकायचीच भीती वाटावी असा आजार जडला आणि तो वर्षानुवर्षं टिकला. त्या काळात हाताशी राहिला तो आजीने शिकवलेला स्वयंपाक. 1989 मध्ये घटस्फोट झाला, जवळ 200 डॉलर उरले, तेव्हा त्यांनी सव्हानात ‘द बॅग लेडी’ नावाने डबे सुरू केले. घरी सँडविच आणि जेवण करायचं, जेमी आणि बॉबी या मुलांनी ते ऑफिसांमध्ये फिरून विकायचं. 1991 मध्ये एका हॉटेलातलं उपाहारगृह चालवायला घेतलं, 1996 मध्ये शहराच्या मध्यात ‘द लेडी अँड सन्स’ थाटलं, 1997 मध्ये पदरचे पैसे घालून पाककृतींचं पुस्तक छापलं. डब्यांवर संसार उभा करणारी बाई कुणाला आवडणार नाही? मलाही आवडली. पण त्या ताटात जे वाढलं जात होतं त्याचा इतिहास पॉलाबाईंच्या आजीपाशी सुरू होत नाही.

अमेरिकन दक्षिणेचं जेवण तीन हातांनी घडलं. मका तिथल्या मूळ रहिवाशांचा. आजही सकाळच्या न्याहारीला मक्याच्या कण्या शिजवून त्यात लोणी घालून खातात, त्यांना ग्रिट्स म्हणतात. डुक्कर आणि गहू युरोपीय वसाहतवाल्यांनी आणला. भेंडी, चवळी आणि तीळ आफ्रिकेतून, गुलामांच्या जहाजांच्या मार्गाने आले. साउथ कॅरोलायना आणि जॉर्जियाच्या किनाऱ्यावर भातशेती उभी राहिली तीही पश्चिम आफ्रिकेतून पकडून आणलेल्या, भाताचं तंत्र जाणणाऱ्या माणसांच्या कष्टावर आणि अकलेवर. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी दक्षिणेत चवळी-भात खातात, त्याला हॉपिन जॉन म्हणतात. वर्ष भरभराटीचं जावं हा हेतू. भेंडी आणि चवळी आपल्याकडेही घरोघरी, त्यामुळे मराठी माणसाला हे ताट वाटतं तितकं परकं नाही. फक्त भाजीत डुकराच्या खारवलेल्या मांसाचा तुकडा पडतो.

हे सगळं एका चवीत बसवलं कुणी? मालकांच्या घरात चूल सांभाळणाऱ्या काळ्या बायकांनी. 1865 मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली, पण दक्षिणेत काळ्या स्त्रीला मिळणारी कामं पुढेही बहुतेक करून दोनच होती : शेत नाहीतर दुसऱ्याचं घर. पाककृती तिच्या हातात राहिली आणि कागदावर उतरली की नाव मालकिणीचं लागायचं.

मात्र तिचा चेहरा विकायला कुणाची ना नव्हती. 1889 मध्ये मिसूरीतल्या सेंट जोसेफ इथे पॅनकेकचं तयार पीठ निघालं, त्याला ‘आँट जेमायमा’ हे नाव दिलं गेलं. 1893 च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात नॅन्सी ग्रीन या, केंटकीत गुलाम म्हणून जन्मलेल्या बाई डोक्याला फडकं बांधून, गोष्टी सांगत, पॅनकेक भाजत उभ्या राहिल्या. हसरी, मायाळू, तक्रार न करणारी दक्षिणी स्वयंपाकीण हे चित्र तेव्हापासून अमेरिकेच्या डोक्यात पक्कं बसलं. खोक्यावरचं ते नाव 2021 मध्ये उतरलं. मला वाटतं, टीव्हीवरच्या प्रत्येक ‘साध्याभोळ्या’ दक्षिणी सुगरणीच्या मागे हे खोकं कुठेतरी उभं असतं, तिला स्वतःला ते ठाऊक असो वा नसो.

आणि तरीही टीव्हीवर खरीखुरी काळी सुगरण फार लवकर येऊन गेली होती. लीना रिचर्ड यांचा जन्म 1892 चा, लुइझियानातल्या न्यू रोड्सचा. चौदा वर्षांच्या असताना न्यू ऑर्लीन्समध्ये व्हेअरिन कुटुंबाकडे त्या आईच्या हाताखाली कामाला लागल्या. मुलीचा हात बघून मालकीणबाईंनी तिला स्वयंपाकाच्या वर्गांना पाठवलं, अगदी बोस्टनच्या फॅनी फार्मर यांच्या प्रसिद्ध शाळेपर्यंत. तिथून 1918 मध्ये त्या शिकून बाहेर पडल्या. पुढे त्यांनी सांगितलेली आठवण मोठी झणझणीत आहे : सॅलड आणि गोडाचे काही नवे प्रकार तिथे शिकायला मिळाले, पण मांस, रस्से, सूप आणि सॉस यांत आम्ही दक्षिणेकडच्या त्या उत्तरेकडच्यांच्या मैलभर पुढे आहोत. त्यांनी तिथे आपला क्रिओल गंबो (भातावर घ्यायचा, लुइझियानाचा मांस-मासळीचा दाट रस्सा) करून दाखवला तेव्हा वर्गातल्या बायका भराभर उतरवून घ्यायला लागल्या. पुस्तक काढावं हा विचार तिथलाच.

न्यू ऑर्लीन्सला परतल्यावर त्यांनी लग्नकार्यांच्या ऑर्डरी घेतल्या, खाणावळ चालवली आणि 1937 मध्ये काळ्या मुलामुलींसाठी स्वयंपाकाची शाळा काढली. हेतू त्यांनी उघड सांगितला होता : कुठल्याही प्रसंगाचं जेवण रांधता-वाढता यावं आणि जास्त पगार मागता यावा. दुसरा भाग लक्षात ठेवण्यासारखा आहे. वंशभेदाच्या कायद्यांच्या काळात एक स्वयंपाकीण आपल्या विद्यार्थ्यांना पगार मागायला शिकवत होती. 1939 मध्ये तीनशेहून अधिक पाककृतींचं पुस्तक त्यांनी स्वतः छापलं. पुढच्याच वर्षी ह्यूटन मिफ्लिन या मोठ्या प्रकाशनाने ते ‘न्यू ऑर्लीन्स कुक बुक’ म्हणून बाजारात आणलं. मग न्यूयॉर्कजवळच्या एका नावाजलेल्या हॉटेलात आणि व्हर्जिनियातल्या कलोनियल विल्यम्सबर्ग या जुन्या काळातल्यासारख्या जपलेल्या पर्यटनस्थळी मुख्य आचारी म्हणून बोलावणी आली. गोठवलेले तयार पदार्थ दूरच्या शहरांत पाठवायचा धंदाही त्यांनी केला, फ्रीजर घरोघरी नसताना.

न्यू ऑर्लीन्सचं पहिलं टीव्ही केंद्र डब्ल्यूडीएसयू डिसेंबर 1948 मध्ये सुरू झालं आणि 1949 मध्ये त्यावर लीनाबाईंचा कार्यक्रम आला, आठवड्यातून दोनदा. टीव्हीवरून अमेरिकेला फ्रेंच स्वयंपाक शिकवणाऱ्या ज्युलिया चाइल्ड यांच्या ‘द फ्रेंच शेफ’च्या 14 वर्षं आधी. टीव्हीचे संच तेव्हा महाग, म्हणजे बघणाऱ्या बऱ्याचशा गोऱ्या सुखवस्तू गृहिणी. ज्या शहरात ट्रामच्या बाकावरसुद्धा काळ्या-गोऱ्यांच्या जागा वेगळ्या होत्या, तिथे त्या बायका वही-पेन्सिल घेऊन काळ्या बाईकडून धडे घेत होत्या. लीनाबाईंनी त्याच साली ‘गंबो हाउस’ हे उपाहारगृहही काढलं. नोव्हेंबर 1950 मध्ये त्या अचानक गेल्या आणि कार्यक्रम संपला. त्यानंतर दक्षिणी स्वयंपाकाचा टीव्हीवरचा चेहरा बराच काळ गोराच राहिला.

सत्तरच्या दशकात जस्टिन विल्सन आले. लुइझियानाचे, पेशाने कारखान्यांतल्या सुरक्षेचे सल्लागार, स्वभावाने गोष्टीवेल्हाळ. स्वयंपाक कमी आणि किस्से जास्त, पण लोकांना ते चालायचं.

टीव्हीवर पडलं-सांडलं तरी बिघडत नाही, हे शिकवलं ते नॅथली डुप्री यांनी. लंडनच्या कॉर्दाँ ब्ल्यूमध्ये शिकलेल्या या बाईंनी जॉर्जियात उपाहारगृह चालवलं, 1975 पासून अटलांटातल्या रिचेस या मोठ्या दुकानात स्वयंपाकशाळा चालवली आणि 1986 मध्ये पीबीएस या सार्वजनिक वाहिनीवर ‘न्यू सदर्न कुकिंग’ आणलं. त्यांच्या हातून पीठ उडायचं, चमचे पडायचे, एखादा जिन्नस घालायचा राहायचा आणि त्या तशाच पुढे जायच्या. स्वयंपाकाच्या धंद्यातल्या बायकांना त्यांचं सांगणं असायचं की कढईत एकच पोर्क चॉप (डुकराच्या मांसाचा काप) टाकला तर तो कोरडा पडतो, दोन टाकले तर एकाची चरबी दुसऱ्याला पुरते. म्हणून एकमेकींना धरून चाला. (2010 मध्ये या बाई साउथ कॅरोलायनात सिनेटच्या निवडणुकीतही उतरल्या होत्या, मतपत्रिकेवर नाव छापलेलं नसताना. हरल्या, पण मजेत हरल्या.) जानेवारी 2025 मध्ये, 85 व्या वर्षी त्या वारल्या.

त्यांची बिस्किटं बघण्यासारखी. ही आपली चहात बुडवायची बिस्किटं नव्हेत. हा तळहातात मावेल एवढा, मऊ, पापुद्रे सुटणारा, विनायीस्टचा पाव. डुप्रीबाईंची सोपी कृती दोनच जिनसांची : बेकिंग पावडर आणि मीठ आधीच मिसळलेला मैदा आणि घट्ट क्रीम. पसरट वाडग्यात मैदा घ्यायचा, मधे आळं करायचं, क्रीम ओतायचं आणि कडेचा मैदा हलक्या हाताने आत ओढायचा. गोळा हाताला चिकटेल इतका ओलसरच हवा. पोळीच्या कणकेसारखं तिंबायला गेलात तर दगड होईल. पिठाच्या हाताने दोन-तीन घड्या घालायच्या, थापायचं, साच्याने सरळ खाली दाबून कापायचं. साचा पिळला की कडा चिकटतात आणि बिस्किट एकीकडून फुगतं. मग बिडाच्या तव्यात एकमेकांना खेटून लावायची, म्हणजे पसरायला जागा न मिळाल्याने ती वर चढतात, आणि 230 अंशांच्या भट्टीत ठेवायची. दक्षिणेत यासाठी व्हाइट लिली हा मैदा वापरतात. 1883 पासून टेनेसीतल्या नॉक्सव्हिलमध्ये हिवाळी मऊ गव्हाचा तो दळला जायचा. 2008 मध्ये ती गिरणी बंद झाली आणि दळण दुसरीकडे गेलं, तेव्हा दक्षिणेतल्या बायकांनी आता पहिल्यासारखं फुगत नाही अशी कुरकुर केली. चिकटपणा कमी असलेल्या या पिठामुळेच बिस्किट मऊ होतं.

आता पुन्हा पॉलाबाई. फूड नेटवर्क 1993 मध्ये सुरू झालं तेव्हा भर हॉटेलातल्या आचाऱ्यांवर होता. 2001 च्या सप्टेंबरमधल्या हल्ल्यांनंतर देशाला आजीच्या हातचं जेवण हवंसं झालं आणि पॉलाबाई नेमक्या वेळी आल्या. मग पुस्तकं, मासिक, भांडी, हॅम, जे म्हणाल ते त्यांच्या नावाने विकलं गेलं. जानेवारी 2012 मध्ये त्यांनी आपल्याला टाइप 2 मधुमेह असल्याचं जाहीर केलं. तो कळून तीन वर्षं झाली होती आणि जाहीर करताना मधुमेहाचं औषध करणाऱ्या नोव्हो नॉर्डिस्कशी प्रचाराचा करारही झालेला होता. लोण्यावर झालेली टीका लोक हसण्यावारी नेत होते, हे मात्र बऱ्याच जणांना खटकलं.

2013 च्या मे महिन्यात, एका माजी कर्मचारी बाईच्या दाव्यातल्या जबानीत, काळ्या लोकांसाठीचा तो अत्यंत हीन शब्द आपण पूर्वी वापरला आहे असं त्यांनी कबूल केलं. गुलामगिरीच्या काळाची आठवण करून देणारी, काळे वाढपी असलेली लग्नाची मेजवानी करायची कल्पना आपल्याला सुचली होती, हेही त्यात आलं. जून महिन्यात ही जबानी बाहेर आली, फूड नेटवर्कने करार पुढे चालू ठेवला नाही आणि वॉलमार्टपासून हॅम बनवणाऱ्या स्मिथफील्डपर्यंत सगळे पांगले. दाव्यातला वंशभेदाचा भाग न्यायालयाने ऑगस्टमध्ये फेटाळला, बाकीचं तडजोडीने मिटलं. तोवर व्हायचं ते नुकसान झालेलं होतं. खाद्य-इतिहासकार मायकल ट्विटी यांनी त्या सुमारास पॉलाबाईंना लिहिलेलं खुलं पत्र मला त्या गदारोळातलं सर्वांत समंजस लिखाण वाटतं. एका शब्दापेक्षा जास्त राग त्यांना होता तो या जेवणाचं श्रेय ज्यांचं त्यांना मिळत नाही याचा.

त्याच जुलैत डोरा चार्ल्स ‘न्यूयॉर्क टाइम्स’शी बोलल्या. ‘द लेडी अँड सन्स’ उभं करताना त्या पॉलाबाईंच्या बरोबर होत्या, इतर स्वयंपाक्यांना चव शिकवण्याचं कामही त्यांच्याकडे होतं. दोघींची मैत्री सव्हानात सर्वांना ठाऊक. डोराबाईंचं म्हणणं असं की कैक वर्षं आपल्याला तासाला 10 डॉलरपेक्षा कमी मिळत होते आणि भरभराट झाल्यावर तुलाही वाटा देईन हा शब्द पाळला गेला नाही. पॉलाबाईंच्या बाजूने याचा इन्कार झाला. खरंखोटं त्या दोघींना माहीत. पण लीना रिचर्ड शाळेत जे शिकवू पाहत होत्या, त्याचीच ही उरलेली बाकी होती. 2015 मध्ये डोराबाईंचं स्वतःचं पाककृतींचं पुस्तक आलं. प्रकाशक तेच, लीनाबाईंचं छापणारे. फक्त त्यांच्या नावात आता हारकोर्टची भर पडली होती.

पॉलाबाईंच्या पडत्या काळात जागा रिकामी राहिली नाही. गायिका ट्रिशा यरवूड यांचा ‘ट्रिशाज सदर्न किचन’ 2012 पासूनच चालू होता. जॉर्जियातल्याच त्या, तसाच मोकळा स्वभाव, लोणी थोडं बेताने. 2013 मध्ये व्हिव्हियन हॉवर्ड नॉर्थ कॅरोलायनातल्या किन्स्टन गावातून ‘अ शेफ्स लाइफ’ घेऊन आल्या. त्यांचं वेगळेपण असं की शेतकऱ्याच्या, शेजारणीच्या स्वयंपाकघरात जाऊन त्या आधी शिकायच्या आणि मगच आपलं काही करायच्या. पाककृती कुणाची, हे त्यामुळे पडद्यावर दिसायचं.

2019 मध्ये फूड नेटवर्कवरच कार्डिया ब्राउन यांचा ‘डिलिशस मिस ब्राउन’ सुरू झाला. त्या साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावरच्या गला समाजाच्या, म्हणजे भातशेतीसाठी आणलेल्या त्याच माणसांच्या वंशातल्या. टोमॅटो घालून केलेला लाल भात, कोळंबी आणि ग्रिट्स, भेंडीचा रस्सा, सगळं त्या आपल्या आजीचं नाव घेऊन करतात. पॉलाबाईंसारख्याच भरपूर हसतात. कुणी दक्षिणी स्वयंपाक कुठून बघायला सुरुवात करू असं विचारलं तर मी बिस्किटांसाठी डुप्रीबाईंकडे आणि भातासाठी यांच्याकडे पाठवीन. गंबोसाठी मात्र लीनाबाईंचं पुस्तकच उघडावं लागेल.