‘निष्क्रिय’ झेनॉनची पहिली संयुगं

आवर्त सारणीतला अगदी उजवीकडचा रकाना शाळेत ‘शून्य गण’ म्हणून पाठ केलेला असतो. बाहेरचं कवच भरलेलं, म्हणून इलेक्ट्रॉन देणं नाही की घेणं नाही. पण बाहेरच्या कवचातल्या आठ इलेक्ट्रॉनांचं हे अष्टकाचं गणित मांडलं जाण्याआधीच या रकान्यातल्या अरगॉन, झेनॉन अशा वायूंवर ‘निष्क्रिय’ हा शिक्का बसला होता. १८९४ मध्ये रॅली आणि रॅम्झी यांना अरगॉन सापडला, त्याचं नावच ग्रीकमधल्या ‘आळशी’ या शब्दावरून ठेवलं. रॅम्झींनी थोडा अरगॉन पॅरिसला आन्री म्वासाँ यांच्याकडे धाडला. फ्लोरिन हे अत्यंत क्रियाशील मूलद्रव्य पहिल्यांदा वेगळं करणारे हेच. त्यांच्या फ्लोरिनलाही अरगॉन बधला नाही. तो या घराण्यातला हट्टी निघाला; त्या मानाने इलेक्ट्रॉनांवर सैल पकड असलेला झेनॉन सापडायला १८९८ उजाडायचं होतं.

१९३३ मध्ये रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांनी झेनॉन आणि क्रिप्टॉनची फ्लोराइडं बनायला हवीत, असं भाकीत केलं. त्यांच्याच संस्थेतल्या, कॅलिफोर्नियातल्या कॅलटेकमधल्या योस्ट आणि के या जोडीने झेनॉन-फ्लोरिनच्या मिश्रणातून वीज सोडून पाहिली. हाती काही लागलं नाही. पुढे कळलं, की हे मिश्रण काचेच्या चंबूत भरून नुसतं उन्हात ठेवलं तरी झेनॉन डायफ्लोराइडचे स्फटिक धरतात. आणि कॅलिफोर्नियात उन्हाला काय तोटा!

कोंडी फुटली ती व्हँकूव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात. तिथले रसायनशास्त्रज्ञ नील बार्टलेट यांच्या हातात प्लॅटिनम हेक्झाफ्लोराइड होतं. ते इतकं अधाशी, की ऑक्सिजनच्या रेणूतूनसुद्धा इलेक्ट्रॉन ओढून घेतं. ऑक्सिजनच्या रेणूतून इलेक्ट्रॉन काढायला साधारण १२.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. झेनॉनलाही जवळपास तेवढीच लागते, हे त्यांच्या नजरेस पडलं. मग झेनॉनलाच का सोडायचं?

२३ मार्च १९६२, शुक्रवारची संध्याकाळ. काचेच्या उपकरणात एका बाजूला त्या हेक्झाफ्लोराइडची गडद लाल वाफ, दुसरीकडे रंगहीन झेनॉन, मध्ये काचेचा पातळ पडदा. पडदा फोडताच, काहीही न तापवता, पिवळसर नारिंगी घन पदार्थ तयार झाला. बार्टलेट कुणाला तरी दाखवायला बाहेर धावले, तर सगळे जेवायला गेलेले!

तो पदार्थ एकच शुद्ध संयुग नव्हता, क्षारांचं मिश्रण होतं, हे नंतर उलगडलं. पण दार उघडलं ते उघडलंच. त्याच वर्षी अमेरिकेतल्या आरगॉन प्रयोगशाळेत (नावाचा अरगॉनशी संबंध नाही) निकेलच्या डब्यात झेनॉन आणि फ्लोरिन ४०० अंश सेल्सिअसला तासभर तापवून झेनॉन टेट्राफ्लोराइडचे रंगहीन स्फटिक मिळाले. इतकं सोपं होतं ते! ‘निष्क्रिय’ या शब्दानेच कितीतरी जणांचे हात बांधून ठेवले असणार, असं मला वाटतं.

पाठोपाठ रेडॉन आणि क्रिप्टॉन आले. अरगॉन वळला तो थेट २००० साली, हेलसिंकीत, तोही उणे २६५ अंश सेल्सिअसच्या आसपास. थोडी ऊब मिळाली की त्याचं संयुग मोडतं. हेलिअम ११ लाख वातावरणांच्या दाबाखाली सोडिअमच्या स्फटिकात जाऊन बसतो, पण नेहमीच्या अर्थाचा बंध तिथे नाही. निऑन मात्र अजून कुणाला दाद देत नाही.