ट्रेनिंग मागवण्याआधी हे वाचा

"आमच्या लोकांना एक ट्रेनिंग द्या." आमच्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक फोन या वाक्याने सुरू होतो. कशाचं, असं विचारलं की उत्तर तयार असतं: संवादकौशल्याचं, टीमवर्कचं, वेळेच्या नियोजनाचं. कामात नेमकं काय बिघडलंय, असं विचारलं की मात्र समोरचा जरा थांबतो. आमचं काम तिथून सुरू होतं.

हा अभ्यासक्रम व्यवस्थापक आणि प्रशिक्षक यांच्यासाठी आहे. कर्मचाऱ्यांना आम्ही थेट शिकवत नाही. काम कुठे अडतंय हे शोधायचं कसं आणि सापडल्यावर बदलायचं काय, एवढाच आमचा विषय.

पहिल्या दिवशी गटांना सोडवायला एक उदाहरण देतो. समजा, एका गोदामातून वरचेवर चुकीचा माल रवाना होतोय. तक्रारी वाढल्यात. व्यवस्थापकाचं म्हणणं, पोरं लक्ष देत नाहीत, दोन दिवसांचं ट्रेनिंग लावा. आम्ही गटाच्या हातात माल काढायच्या चिठ्ठ्या, रॅकचा नकाशा आणि चुकांची महिनाभराची नोंद ठेवतो. नोंद नीट मांडली की दिसतं, बहुतेक चुका दोनच वस्तूंच्या बाबतीत होतात. त्यांच्या कोडमध्ये फरक फक्त शेवटच्या आकड्याचा, चिठ्ठीवरची छपाई बारीक आणि रॅक एकमेकांना खेटून. त्यातही एका कामगाराची चूक सहसा होतच नाही. तो चिठ्ठी हातात आली की कोडच्या शेवटच्या आकड्याखाली पेनाने रेघ मारतो आणि मगच रॅककडे वळतो. हे त्याला कोणी शिकवलेलं नाही, आणि तो काय करतो हे कोणी विचारलेलंही नाही. आता सांगा, दोन दिवसांचं ट्रेनिंग इथे काय करणार? तो आकडा ठळक छापा, एक रॅक हलवा. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा प्रकार टाळायचा तर आधी गोदामात जाऊन उभं राहावं लागतं.

एक प्रश्न आम्ही सगळ्यांकडून पाठच करून घेतो. रॉबर्ट मेगर आणि पीटर पाइप या प्रशिक्षणतज्ज्ञांनी १९७० साली तो मांडला. त्याचा आशय असा: अगदी जिवावर बेतलं, तर या माणसाला हे काम जमेल का? जमणार असेल, तर त्याला ते येतंय. मग शिकवून उपयोग नाही, अडचण दुसरीकडे आहे.

दुसरीकडे म्हणजे कुठे? मानसशास्त्रज्ञ थॉमस गिल्बर्ट यांनी १९७८ मध्ये अशा अडचणी शोधायला सहा खाने आखून दिले. तीन कामाच्या जागेचे: माहिती, साधनं आणि मोबदला. तीन माणसाचे: ज्ञान, क्षमता आणि इच्छा. माहितीच्या खान्यात दोन गोष्टी येतात: नेमकं काय अपेक्षित आहे आणि झालेलं काम कसं झालं, हे त्या माणसाला वेळेवर कळतं का. आमचा अनुभव असा की व्यवस्थापक थेट चौथ्या किंवा सहाव्या खान्यात उडी मारतात: "त्यांना येत नाही" किंवा "त्यांना करायचंच नाही." पहिले तीन खाने तपासायला सोपे आणि दुरुस्त करायला बहुधा स्वस्त, म्हणून आम्ही तिथूनच सुरुवात करायला लावतो.

मोबदल्याच्या खान्यावर आम्ही जरा जास्त वेळ घालवतो, कारण तो फसवा आहे. मोबदला म्हणजे केवळ पगार नव्हे. जो काम लवकर उरकतो, त्याच्याच टेबलावर इतरांच्या उरलेल्या फायली येऊन पडत असतील, तर झटपट काम करण्याची ती शिक्षाच झाली. हुशार माणूस दोन महिन्यांत हळू काम करायला शिकतो. कोणत्याही ट्रेनिंगशिवाय!

गिल्बर्ट यांचं आणखी एक साधं माप आम्ही वापरतो. सर्वोत्तम कामगाराचं काम भागिले सरासरी काम. एकाच प्रकारचे अर्ज सर्वात चांगला माणूस दिवसाला ६० तपासतो आणि सरासरी ४० असेल, तर गुणोत्तर १.५. आकडा जितका मोठा, तितका सुधारणेला वाव जास्त. मात्र तुलना सारख्या कामाचीच हवी, नाहीतर अवघड अर्ज ज्याच्या वाट्याला येतात तो विनाकारण बदनाम होतो.

ट्रेनिंग खरोखरच लागतं, अशाही जागा आहेत. नवी यंत्रणा आली, काम क्वचितच करावं लागतं, किंवा मुळातच कधी शिकवलेलं नाही. तिथे प्रश्न उरतो परिणाम मोजण्याचा. प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाचे अभ्यासक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांच्या १९५९ पासूनच्या मांडणीत चार पायऱ्या आहेत: सहभागींना कसं वाटलं, ते काय शिकले, कामावर काय बदललं, आणि संस्थेच्या पदरात काय पडलं. बहुतेक ठिकाणी मोजमाप पहिल्याच पायरीवर थांबतं. "हॉल छान होता, वक्ते उत्तम" एवढं लिहिलेला फॉर्म फायलीला लागतो आणि विषय संपतो.

अभ्यासक्रमाचं स्वरूप असं: दोन दिवस वर्ग, मग चार आठवडे तुमच्याच कामाच्या जागी निरीक्षण आणि नोंदी, शेवटी एक दिवस पुन्हा वर्ग. एका वेळी १२ जण. शक्यतो एका विभागातून व्यवस्थापक आणि प्रशिक्षक अशी जोडी पाठवा. एकटा प्रशिक्षक आला तर दोष सापडतो, पण रॅक हलवायचा अधिकार त्याच्याकडे नसतो.

कोणाला कामावरून काढायचं हे ठरवण्यासाठी आमच्या नोंदी वापरू नयेत, ही अट लेखी असते. लोकांना तशी शंका आली की ते चुका लपवतात, आणि मग शोधायला काही उरत नाही.

पहिल्या भेटीला येताना एकच समस्या आणा, "लोक बेजबाबदार आहेत" अशी नव्हे, तर मोजता येईल अशी: किती, कुठे, केव्हापासून. सोबत त्या कामात वापरला जाणारा कागद, फॉर्म किंवा चिठ्ठी जशीच्या तशी आणा. कोरी नको, भरलेली आणा.