मुदतपूर्व सुटका

न्यायालयाने ठोठावलेल्या शिक्षेचा काही भाग भोगून झाल्यावर, उरलेली मुदत संपण्याआधी कैद्याला कायदेशीररीत्या मुक्त करण्याच्या व्यवस्थेला मुदतपूर्व सुटका म्हणतात. निर्दोष सुटका, जामीन किंवा अपिलात शिक्षा रद्द होणे यांहून ती वेगळी आहे. येथे गुन्हा सिद्धच राहतो, फक्त पुढची कैद थांबते. महाराष्ट्रात संचित रजेवर (फर्लो) किंवा अभिवचन रजेवर (पॅरोल) काही दिवसांसाठी बाहेर आलेला बंदी ठरल्या दिवशी तुरुंगात परत जातो, त्यामुळे त्या रजाही यात मोडत नाहीत.

थोड्या वर्षांच्या शिक्षेत हा प्रश्न काही महिन्यांचा असतो. जन्मठेपेत तो उरलेल्या सगळ्या आयुष्याचा होतो, म्हणून या नोंदीचा भर जन्मठेपेच्या कैद्यांवर आहे. पंचविशीत खून केलेला माणूस पन्नाशीला पोचल्यावर कोण असतो, हे कोणी ठरवायचे आणि कशावरून? गुन्हा किती भयंकर होता याचा हिशेब न्यायाधीशाने शिक्षा देतानाच केलेला असतो. सुटकेच्या वेळी पुन्हा तेवढाच हिशेब मांडला, तर मधल्या वीस-पंचवीस वर्षांत त्या माणसाने काय केले याला काही किंमतच राहत नाही. कैद्यांच्या बाजूने बोलणाऱ्या वकिलांची आणि संस्थांची मुख्य तक्रार हीच आहे, आणि ती रास्त आहे.

कल्पनेचा उगम

चांगल्या वर्तनाने शिक्षा कमी करून घेता यावी, ही कल्पना प्रत्यक्षात आणणाऱ्यांत अलेक्झांडर मॅकोनकी या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याचे नाव आधी येते. १८४० मध्ये तो ऑस्ट्रेलियाजवळच्या नॉरफोक बेटावरील दंडवसाहतीचा प्रमुख झाला. हद्दपारीनंतर पुन्हा गुन्हा केलेल्या, कोणाच्याच हिशेबात न धरलेल्या कैद्यांची ती जागा; फटके आणि बेड्या ही तिथली रोजची भाषा. मॅकोनकीने गुणांची पद्धत सुरू केली. कैद्याने कामातून आणि वागणुकीतून गुण मिळवायचे आणि पुरेसे गुण जमले की सुटायचे. म्हणजे शिक्षा वर्षांत मोजण्याऐवजी ती संपवण्याची किल्ली कैद्याच्या हाती द्यायची. त्याच वर्षी राणी व्हिक्टोरियाच्या वाढदिवसानिमित्त त्याने कैद्यांना दिवसभर बेटावर मोकळे फिरू दिले. संध्याकाळी सगळे आपापल्या बराकीत परतले. सरकारला मात्र हा माणूस फार मवाळ वाटला आणि १८४४ मध्ये त्याला परत बोलावण्यात आले.

आयर्लंडमध्ये वॉल्टर क्रॉफ्टनने १८५४ पासून हेच सूत्र टप्प्याटप्प्याने राबवले : आधी कडक कैद, मग सामूहिक काम, मग जवळजवळ खुल्या स्वरूपाची मधली कोठडी आणि शेवटी अटींसह, देखरेखीखाली सुटका. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील एल्मायरा सुधारगृह १८७६ मध्ये उघडले. तेथे शिक्षेची नेमकी मुदत न ठरवता कैद्याच्या प्रगतीवरून ती ठरवण्याची पद्धत आली. पुढे ती जगभर पसरली. तिच्यातला धोकाही तिथेच दिसला. सुटकेची चावी एखाद्या अधिकाऱ्याच्या मर्जीत अडकली, की कैदी सुधारण्यापेक्षा सुधारल्यासारखे दिसायला शिकतो.

माघार आणि पुनर्विचार

१९७४ मध्ये रॉबर्ट मार्टिन्सन या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने तुरुंगांतील सुधारणा कार्यक्रमांचा आढावा प्रसिद्ध केला. ‘काहीच उपयोगी पडत नाही’ असा त्याचा सारांश राजकारण्यांनी उचलून धरला. खुद्द मार्टिन्सनने १९७९ मध्ये ते मत बरेचसे मागे घेतले, पण तोवर वारे फिरले होते. अमेरिकेतील मेन राज्याने १९७६ मध्ये पॅरोल, म्हणजे तिकडच्या अर्थाने अटींसह मुदतपूर्व सुटका, बंद केला आणि १९८४ च्या कायद्याने केंद्रीय गुन्ह्यांसाठीही तो संपवला. सुटकेची आशा नसलेली जन्मठेप त्या देशात सर्रास झाली.

युरोपात उलटी दिशा दिसते. पोर्तुगालने जन्मठेप १८८४ मध्येच रद्द केली होती. जर्मनीच्या संविधान न्यायालयाने १९७७ मध्ये सांगितले की, जन्मठेपेच्या कैद्याला कधीतरी मुक्त होण्याची खरीखुरी संधी असलीच पाहिजे. एरवी ती शिक्षा मानवी प्रतिष्ठेच्या विरुद्ध जाते. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २०१३ मध्ये ब्रिटनविरुद्धच्या एका प्रकरणात हेच तत्त्व स्वीकारले आणि शिक्षेनंतर उशिरात उशिरा २५ वर्षांनी पुनर्विलोकन व्हावे, याकडे कल दाखवला. आपल्याला काय केल्याने सुटका मिळू शकते, हे कैद्याला पहिल्या दिवसापासून माहीत असले पाहिजे, असेही त्या निकालात आहे. तो मुद्दा मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण ज्याला वाटच दाखवलेली नाही तो चालला नाही म्हणून त्याला दोष देता येत नाही.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये अल्पवयीन असताना खून सोडून अन्य गुन्हा केलेल्यांना सुटकेविना जन्मठेप देणे घटनाबाह्य ठरवले. परिपक्वता आणि सुधारणा दाखवून सुटका मिळवण्याची अर्थपूर्ण संधी त्यांना असायला हवी, असे त्या निकालात म्हटले आहे. ब्राझीलने २०१२ मध्ये वाचनाची सवलत आणली : पुस्तक वाचून त्यावर लेखन केल्यास दर पुस्तकामागे ४ दिवस शिक्षा कमी, वर्षाला जास्तीत जास्त १२ पुस्तके, म्हणजे ४८ दिवस.

भारतातील कायदा

जन्मठेप म्हणजे १४ वर्षे, हा आपल्याकडचा घट्ट रुजलेला गैरसमज आहे. गोपाळ विनायक गोडसे यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्येच स्पष्ट केले की जन्मठेप म्हणजे मरेपर्यंतची कैद. मधे सुटका होते ती केवळ शासनाने उरलेली शिक्षा माफ केली तरच. १४ वर्षांचा आकडा येतो तो दुसरीकडून. ज्या गुन्ह्याला मृत्युदंडाचीही तरतूद आहे त्यात जन्मठेप झाली, किंवा फाशीची जन्मठेप झाली, तर किमान १४ वर्षे प्रत्यक्ष तुरुंगात काढल्याशिवाय सुटका करू नये, असे कलम ४३३-अ १९७८ मध्ये फौजदारी प्रक्रिया संहितेत घालण्यात आले. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हीच तरतूद कलम ४७५ मध्ये, तर शिक्षा माफ करण्याचा शासनाचा अधिकार कलम ४७३ मध्ये आहे. राष्ट्रपती आणि राज्यपाल यांचे अनुक्रमे अनुच्छेद ७२ व १६१ खालील अधिकार याहून स्वतंत्र आहेत आणि १४ वर्षांची अट त्यांना लागू नाही.

चौदा वर्षे झाली म्हणून सुटकेचा हक्क मिळत नाही. मिळतो तो विचार होण्याचा हक्क. त्या विचारासाठी सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये लक्ष्मण नस्कर प्रकरणात पाच कसोट्या सांगितल्या. गुन्ह्याचा परिणाम एका व्यक्तीपुरता होता की सगळ्या समाजावर झाला, तो पुन्हा घडण्याची शक्यता किती, गुन्हा करण्याची क्षमता त्या माणसात उरली आहे का, त्याला आणखी आत ठेवून काही साधणार आहे का, आणि त्याच्या कुटुंबाची सामाजिक व आर्थिक स्थिती कशी आहे. यातली पहिली कसोटी मागे पाहते, बाकी चार आज आणि उद्याकडे. प्रत्यक्षात मात्र फाइल पहिल्या कसोटीवरच अडते. २०२३ मध्ये केरळातील २६ वर्षांहून अधिक काळ कैदेत असलेल्या बंद्याची सुटका करण्याचा आदेश देताना सर्वोच्च न्यायालयाने नेमके यावर बोट ठेवले : गुन्ह्याचा प्रकार पाहून एखाद्या गटाला कायमचे वगळणे म्हणजे सुधारणेचा विचारच नाकारणे.

उलट बाजूचा निकालही तितकाच महत्त्वाचा आहे. २००२ च्या गुजरात दंगलीतील सामूहिक बलात्कार आणि खुनांच्या खटल्यातील ११ दोषींना गुजरात सरकारने १५ ऑगस्ट २०२२ रोजी सोडले. सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२४ रोजी ती सुटका रद्द केली, कारण खटला महाराष्ट्रात चालला होता आणि निर्णयाचा अधिकार गुजरातला नव्हताच. मुदतपूर्व सुटकेचे समर्थन करणाऱ्यांनी या प्रकरणाकडे पाठ फिरवू नये. माफीचा अधिकार सत्तेच्या सोयीने वापरला गेला की पीडितांवर दुसऱ्यांदा अन्याय होतो, आणि दुसरीकडे प्रामाणिकपणे बदललेल्या कैद्यांकडेही समाज संशयाने पाहू लागतो.

अर्जाचा प्रवास

नियमपुस्तिकेत प्रक्रिया नीट दिसते. तुरुंग अधीक्षकांचा अहवाल, पोलिसांचा अहवाल, परिविक्षा (प्रोबेशन) अधिकाऱ्याचे मत, शिक्षा देणाऱ्या न्यायालयाचे मत, मग पुनर्विलोकन मंडळ आणि शेवटी शासन. महाराष्ट्रात गुन्ह्याची वर्गवारी करून प्रत्येक वर्गाला किती वर्षांनी विचार व्हावा, हे शासनाच्या मार्गदर्शक सूचनांत ठरलेले आहे. १९९२ आणि २०१० च्या सूचना त्यांत प्रमुख. दोषसिद्धीच्या वेळी जे धोरण होते तेच कैद्याला लागू व्हावे, नंतरचे कडक धोरण त्याच्यावर लादू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितले आहे.

अडते ते अहवालांच्या दर्जावर. ‘सुटल्यास शांततेचा भंग होण्याची शक्यता’ असे एक वाक्य लिहायला कष्ट पडत नाहीत. ज्या अधिकाऱ्याने कैद्याला कधी पाहिलेले नाही त्याचे असे वाक्य, बंद्याला रोज पाहणाऱ्या तुरुंग अधिकाऱ्याच्या अनुभवाहून जड ठरू शकते. लिहिता-वाचता न येणाऱ्या, बाहेर धावपळ करायला कोणी नसलेल्या कैद्याचा अर्ज तर निघतच नाही. म्हणून १८ फेब्रुवारी २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश फार मोठा आहे. ज्या राज्यात माफीचे धोरण आहे तेथे पात्र कैद्याच्या अर्जाची वाट न पाहता शासनानेच विचार करायचा, धोरण नसेल तेथे ते करायचे, नकाराची कारणे लिहून द्यायची, आणि सुटकेच्या अटी मोघम ठेवायच्या नाहीत, असे त्यात बजावले आहे. याच्या काही महिने आधी ‘सभ्यपणे वागावे’ अशी एक अट न्यायालयाने मनमानी ठरवून रद्द केली होती. सभ्यपणाची व्याख्या कोण करणार?

सुधारणा कशी ओळखायची

गुन्हेगारीचे प्रमाण विशीच्या आसपास सर्वाधिक असते आणि वयानुसार घटत जाते. अपराधशास्त्रात इतका सातत्याने दिसणारा निष्कर्ष दुसरा क्वचितच सापडेल. वय, दीर्घ काळचे वर्तन, शिक्षण, काम, इतर बंद्यांशी नाते, रजेवरून वेळेवर परतणे या गोष्टी मोजता येतात. पश्चात्ताप मोजणे अवघड आहे. मंडळे तो शब्दांत शोधतात, त्यामुळे बोलता येणाऱ्याला फायदा होतो. आपण गुन्हा केलाच नाही असे शेवटपर्यंत सांगणाऱ्या कैद्याची तर कोंडी होते : खोटी कबुली दिली तर दार उघडण्याची शक्यता, खरे बोलला तर ‘पश्चात्ताप नाही’ असा शेरा. चुकीने दोषी ठरलेली माणसे अशा शेऱ्यांमुळे जास्त काळ आत राहतात.

विश्वासाची परीक्षा विश्वास टाकूनच घेता येते, हे खुल्या कारागृहांनी दाखवले आहे. औंध संस्थानाने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे कैद्यांची भिंतीविना वसाहत उभारली, ती स्वातंत्र्याआधी. राजस्थानात सांगानेर येथे बंदी कुटुंबासह राहतात आणि दिवसा बाहेर जाऊन स्वतः कमावतात. महाराष्ट्रात येरवडा आणि पैठण येथे खुली कारागृहे आहेत. अशा ठिकाणी वर्षानुवर्षे नीट राहिलेल्या माणसाबद्दल ‘तो समाजात राहू शकेल का’ असे विचारणे अनाठायी आहे. तो राहतोच आहे.

पीडितांचा प्रश्न यात सर्वांत कठीण. ज्यांचे माणूस गेले त्यांना सुटकेची बातमी वर्तमानपत्रातून कळावी, हे क्रूर आहे. त्यांना आधी कळवणे, त्यांचे म्हणणे ऐकणे, त्यांच्या सुरक्षेची अट घालणे हे शासनाचे कर्तव्य आहे. परंतु त्यांचे दुःख कैद्याच्या बदलाचे मोजमाप होऊ शकत नाही. ते ओझे त्यांच्यावर टाकणे हाही अन्यायच.

सुटकेनंतर

अमेरिकेतील मेरीलँड राज्यात २०१२ च्या एका न्यायालयीन निकालाने अनपेक्षित कसोटी घडवली. कित्येक दशकांपूर्वीच्या खटल्यांत ज्युरीला दिलेल्या सूचना सदोष ठरल्या आणि खून, बलात्कार अशा गुन्ह्यांतील सुमारे २०० वयस्क कैदी पुढच्या काही वर्षांत बाहेर आले. त्यांची निवड कोणत्याही मंडळाने केलेली नव्हती. तरीही पुन्हा गुन्हा केल्याचे प्रमाण अगदीच नगण्य राहिले. त्यांच्यामागे विधी महाविद्यालयातील विद्यार्थी आणि समाजकार्यकर्ते उभे होते. घर, औषधे, ओळखपत्र, नातेवाइकांशी पुन्हा बोलणे यांसाठी त्यांनी सुटकेच्या आधीपासून काम केले होते.

असा आधार नसेल तर काय होते, हे वॉशिंग्टन राज्यातील २००७ च्या अभ्यासात दिसते : सुटकेनंतरच्या पहिल्या २ आठवड्यांत मृत्यूचा धोका सामान्य लोकसंख्येच्या तुलनेत १२.७ पट होता, प्रामुख्याने अमली पदार्थांच्या अतिसेवनामुळे. भारतात याच्या जोडीला वेगळ्या अडचणी येतात. वीस वर्षे आत राहिलेल्याकडे आधार कार्ड नसते, बँक खाते नसते, गावातले घर भावाच्या नावावर गेलेले असते, आणि चारित्र्य पडताळणीच्या दाखल्यावर नोकरी अडते. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून कैद्यांच्या कायदेशीर मदतीचे आणि पुनर्वसनाचे काम करतो आहे. पण हे काम स्वयंसेवी संस्थांच्या बळावर सोडण्यासारखे नाही. परिविक्षा अधिकाऱ्यांची पदे भरणे, सुटकेच्या किमान सहा महिने आधी कागदपत्रे तयार करणे, तुरुंगातील मजुरीचे पैसे वेळेवर हातात देणे यांना नवा कायदा लागत नाही. भारतातील तुरुंगांत सुमारे तीन चतुर्थांश जागा न्यायाधीन बंद्यांनी, म्हणजे अजून दोषी न ठरलेल्यांनी, व्यापलेल्या आहेत. त्यामुळे सुधारणेची मागणी करणाऱ्यांना दोन्ही टोकांनी एकाच वेळी काम करावे लागते : ज्यांचा गुन्हा ठरलेलाच नाही त्यांना जामीन, आणि ज्यांनी शिक्षेचा मोठा भाग भोगून स्वतःला बदलले आहे त्यांच्या फाइलवर वेळेत, कारणांसह निर्णय.