ऑफिस सुटल्यानंतर: कामाचा दिवस बंद करण्याच्या सवयीची पार्श्वभूमी

दिवसाचं काम संपवण्याची एक ठरावीक पद्धत घालून घ्या, असा सल्ला हल्ली सगळीकडून मिळतो. उद्याचं पहिलं काम कागदावर लिहून ठेवायचं, लॅपटॉप मिटायचा, ऑफिसचा ग्रुप म्यूट करायचा आणि जागेवरून उठायचं. सल्ला चांगलाच आहे. पण एवढी साधी गोष्ट प्रत्येकाला एकट्याने उभी करावी लागते आहे, ती का, हे त्यात कुणी सांगत नाही. नागपुरापुरतं बोलायचं तर याचं उत्तर बऱ्याच अंशी गेल्या पाच-सहा वर्षांत सापडतं आणि त्यातही फेब्रुवारी २०२० मधल्या एका सरकारी निर्णयाशी, सरकारी कार्यालयांच्या पाच दिवसांच्या आठवड्याशी, येऊन थांबतं.

त्याआधीचा काळ थोडक्यात पाहू. विणकर वस्त्यांमध्ये माग घरातच असायचा. उजेड सरला की हात थांबायचा. १ जानेवारी १८७७ रोजी गांधीसागर तलावालगत, म्हणजे तेव्हाच्या जुम्मा तलावाशेजारी, कापडाची मोठी गिरणी सुरू झाली आणि शहराला भोंगा मिळाला. पाळी कधी लागते आणि कधी सुटते, हे गिरणीत नसलेल्यांनाही कळू लागलं. तास मात्र अफाट होते. १८८१ च्या कारखाना कायद्याने फक्त मुलांच्या कामावर मर्यादा घातली, १८९१ मध्ये बायकांसाठी दिवसाला ११ तासांची मर्यादा आली आणि गिरणीतल्या पुरुषांना १२ तासांची मर्यादा मिळायला १९११ उजाडलं. १९२२ मध्ये आठवड्याचे ६० तास, १९३४ मध्ये ५४ आणि १९४६ मध्ये ४८ अशी ही मर्यादा खाली आली. ती गिरणी २००२ मध्ये कायमची बंद झाली. त्या जागेवर आता मॉल आहे.

या सगळ्या कायद्यांमधली एक गोष्ट पुढच्या गोंधळाचं मूळ आहे. तास मोजले गेले ते जागेला धरून. कारखान्याचं फाटक, दुकानाचं शटर, ऑफिसातलं हजेरीपुस्तक यांच्या आत जेवढा वेळ गेला, तेवढं काम. घरी बसून विड्या वळणाऱ्या कामठीच्या बायकांची संध्याकाळ या हिशोबात धड कधीच आली नाही, कारण त्यांच्या कामाला फाटकच नव्हतं. पगारदार वर्गाला मात्र त्याचं काही वाटलं नाही, कारण त्याचं फाटक शाबूत होतं.

आता २०२०. १२ फेब्रुवारीला राज्य मंत्रिमंडळाने सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा मंजूर केला आणि २९ फेब्रुवारीपासून, त्या शनिवारपासूनच, तो लागू झाला. तोवर फक्त दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सुट्टी असायची. बातम्यांमध्ये सगळा भर शनिवारवर राहिला. कर्मचाऱ्यांची जुनी मागणी मान्य झाल्याचा आनंद होता. लोकांची कामं आणखी रेंगाळतील म्हणून टीकाही झाली आणि सरकारातल्याच विदर्भाच्या एका राज्यमंत्र्याने उघड नाराजी दाखवली. शनिवारच्या बदल्यात काय दिलं गेलं, हे या वादात मागे पडलं. मुंबईबाहेरच्या कार्यालयांची वेळ तोवर सकाळी १० ते संध्याकाळी ५.४५ होती. ती ९.४५ ते ६.१५ झाली. सकाळी पंधरा मिनिटं आणि संध्याकाळी अर्धा तास, असे रोजचे पाऊण तास वाढले. सरकारचा हिशोब सरळ होता: आधी वर्षाला २८८ दिवस रोज सव्वासात तास, म्हणजे २,०८८ तास, आता २६४ दिवस रोज आठ तास, म्हणजे २,११२. वर्षाला २४ तास जास्तच काम होणार, तेव्हा लोकांचं नुकसान नाही.

कागदावर हा हिशोब चोख आहे. पण संध्याकाळचा अर्धा तास आणि सकाळचा अर्धा तास सारखा नसतो, आणि मुंबईची संध्याकाळ म्हणजे नागपूरची संध्याकाळही नव्हे. नागपूर मुंबईच्या पूर्वेला सहा अंशांहून जास्त अंतरावर आहे. सूर्याच्या हिशोबात हे सुमारे २५ मिनिटांचं अंतर पडतं. डिसेंबरच्या सुरुवातीला इथे साडेपाचच्या सुमारासच सूर्य मावळतो. पावणेसहाला सिव्हिल लाइन्समधून निघालेल्या माणसाला निदान संधिप्रकाश मिळायचा. फुटाळा तलावाला एक चक्कर, गोकुळपेठच्या बाजारात भाजी, पोरांना घेऊन मैदानावर थोडा वेळ, एवढं त्यात बसायचं. सव्वासहाला निघणाऱ्याला थंडीचे दोन-अडीच महिने पूर्ण अंधारच मिळतो. दिवेलागणीच्या आधी घरात पाऊल ठेवणं ही या शहरातल्या नोकरदार घरांची कामाचा दिवस संपल्याची खूण होती. ती कुणी मुद्दाम घालून दिलेली नव्हती, म्हणून ती गेल्याची नोंदही कुणी घेतली नाही. आधीच्या नियमात मुंबईची वेळ वेगळी आणि बाकी राज्याची वेगळी होती. नव्या निर्णयात सगळ्या राज्याला एकच वेळ आली. विदर्भासाठी थंडीत तरी वेगळी वेळ ठेवता आली असती, आणि ती ठेवायला हवी होती.

पोलीस, सरकारी दवाखाने, शाळा-कॉलेजं, पाणीपुरवठा यांना पाच दिवसांचा आठवडा नव्हताच. एकाच घरात नवरा तहसीलमध्ये आणि बायको शाळेत असेल, तर दोघांचा आठवडा वेगळा झाला. डिसेंबरात अधिवेशन नागपुरात भरतं, तेव्हा प्रश्नांची उत्तरं तयार करणाऱ्या विभागांना सुटण्याची वेळच राहत नाही. ही मात्र जुनी रीत आहे.

नवी वेळ अंगवळणी पडायला जो काळ लागतो, तो मिळालाच नाही. २९ फेब्रुवारीनंतर पंचवीस दिवसांत, २५ मार्चला, देशभर टाळेबंदी लागली. कार्यालयं मोजक्या हजेरीवर आली आणि फाइल, हजेरी, आदेश, खुलासा हे सगळं फोनवरच्या ग्रुपमध्ये गेलं. ऑफिसं पुन्हा पूर्ण उघडली तेव्हा माणसं जागेवर परतली, ग्रुप मात्र तसेच राहिले. रात्री साडेनऊला ‘उद्या ११ पर्यंत माहिती सादर करावी’ असा निरोप येतो, त्याची सुरुवात इथली. सव्वासहा ही सुटण्याची वेळ नियमात आहे, पण त्या वेळेला खरं काय सुटतं, हे कोणत्याही परिपत्रकात नाही.

मिहानमधल्या, म्हणजे नागपूरच्या विशेष आर्थिक क्षेत्रातल्या, कंपन्यांची गोष्ट वेगळ्या वाटेने तिथेच पोचली. विशेष आर्थिक क्षेत्रातून घरी बसून काम करण्याला आधी नीट नियमच नव्हता. जुलै २०२२ मध्ये तो आला: जास्तीत जास्त निम्मे कर्मचारी, एक वर्षापर्यंत. डिसेंबर २०२२ मध्ये ती मर्यादा सगळ्या कर्मचाऱ्यांपर्यंत वाढवली गेली. नियमात परवानगी, संख्या, मुदत आणि उपकरणं यांचा विचार होता. घरचं काम किती वाजता थांबायचं, याचा नव्हता. ज्या टीमचे ग्राहक न्यूयॉर्कला आहेत, त्यांची सकाळी साडेनऊची मीटिंग इथे उन्हाळ्यात संध्याकाळी सातला आणि हिवाळ्यात आठला असते. अमेरिकेतली घड्याळं मार्च आणि नोव्हेंबरमध्ये सरकली की इथलं रात्रीचं जेवण तासाभराने सरकतं. अशा माणसाला ‘रोज सहाला काम बंद करा’ म्हणून काही उपयोग नाही. त्याला घड्याळावर चालणारी नव्हे, क्रमावर चालणारी पद्धत लागते: शेवटचा कॉल, मग नोंद, मग स्क्रीन बंद, मग जिना उतरून खाली एक फेरी, तो कॉल कितीही वाजता संपो.

या क्रमामागे अभ्यासही आहे, आणि तो टाळेबंदीच्या बराच आधीचा आहे. अर्धवट राहिलेलं काम पूर्ण झालेल्या कामापेक्षा जास्त लक्षात राहतं, असं १९२७ मध्ये बर्लिनमधल्या प्रयोगांतून मांडलं गेलं. पुढे ते सगळीकडे तसंच दिसलं नाही. २००७ मध्ये दोन संशोधकांनी कामानंतरच्या विश्रांतीचे चार भाग मोजण्याची पद्धत दिली: मनाने कामापासून दूर होणं, शरीराचा सैलपणा, काही नवं शिकणं आणि आपला वेळ आपल्या हाती असणं. २०११ च्या प्रयोगांत एक उपयोगी गोष्ट दिसली. अर्धवट काम डोक्यात घोळत राहू नये म्हणून ते पूर्ण करायलाच हवं असं नाही. कधी आणि कसं करायचं हे नेमकं ठरवलं, तरी त्याचा त्रास कमी होतो. उद्याची यादी आजच लिहा, हा सल्ला या निष्कर्षाशी जुळतो. चौथ्या भागाकडे मात्र सल्ला देणारे फारसे वळत नाहीत, कारण आपला वेळ आपल्या हाती असणं यादी लिहून येत नाही. वरच्या माणसाने निरोप न पाठवल्यानेच ते येतं.

बायकांच्या बाबतीत तर हे फारच उघड आहे. वेळेच्या वापराच्या २०२४ च्या राष्ट्रीय पाहणीत घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात आणि ती करणाऱ्या पुरुषांची ८८. २०१९ मध्ये हे आकडे २९९ आणि ९७ होते. लॅपटॉप मिटल्यावर जिला कणीक भिजवायची आहे, तिच्यासाठी दिवस संपवण्याचा विधी ही दुसऱ्या पाळीची सुरुवात असते. घरातल्या बाकीच्यांनी त्या वेळेला काय करायचं, हे ठरल्याशिवाय तिची पद्धत टिकत नाही.

नियमांची दिशा सध्या दोन्हीकडे आहे. ३ सप्टेंबर २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने खासगी दुकानं आणि आस्थापनांसाठी, जिथे २० किंवा अधिक कर्मचारी आहेत तिथे, दिवसाची मर्यादा ९ वरून १० तासांवर आणि कारखान्यांसाठी ९ वरून १२ तासांवर न्यायला मंजुरी दिली. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम ठेवली आणि तिमाहीतले ओव्हरटाइमचे तास १४४ पर्यंत वाढवले. दुसरीकडे, कामाच्या वेळेनंतर फोन आणि ईमेलला उत्तर न देण्याचा हक्क मागणारं खासगी विधेयक महाराष्ट्रातल्याच एका खासदाराने २०१८ मध्ये लोकसभेत मांडलं आणि डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा मांडलं. फ्रान्समध्ये असा कायदा १ जानेवारी २०१७ पासून आहे, ऑस्ट्रेलियात २६ ऑगस्ट २०२४ पासून. आपल्याकडे खासगी विधेयकं मंजूर होणं अत्यंत दुर्मीळ आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांमध्ये दिवसाचे आठ तास आणि ओव्हरटाइमला दुप्पट दर आहे. घरी पोचल्यावर ग्रुपवर दिलेलं उत्तर ओव्हरटाइममध्ये धरायचं की नाही, हे त्यांत सांगितलेलं नाही.